बोटीवरच्या माणसाची बैलजोडी

गेल्या वर्षीच्या पोळ्याला मी एक बैलजोडी विकत घेतली. मला बैलांचा काही उपयोग नव्हता. माझ्याकडे शेत नाही, गोठा नाही, फार काय, पायाखाली जमीनही नाही. मी आणि माझी बायको सुनंदा कोचीच्या खाडीत एका शिडाच्या बोटीवर राहतो आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायची तयारी करतो. तरी मी बैल घेतले, कारण मला माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला भर गावात मान खाली घालायला लावायची होती. ते मी केलं आणि ती माझी चूक होती. हे वाक्य मनात यायलाच वर्ष गेलं, म्हणून ते आधी लिहून मोकळा होतो.

जे गावात राहिले त्यांना यातलं निम्मं ठाऊक आहे. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना उरलेलं निम्मं न सांगताही कळेल. दूर गेलेला माणूस घरच्यांवरचा राग किती जपून ठेवतो, हे दूर गेलेल्यालाच कळतं.

आमचं गाव वलगावच्या पुढं, पेढी नदीच्या काठावर. मी घर सोडलं तो पोळ्याचा आदला दिवस होता. अमरावतीला आयटीआय झालं होतं, मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटरची नोकरी लागली होती आणि हजर व्हायची तारीख नेमकी पोळ्यावर पडली होती. मी निघालो तेव्हा बाबा गोठ्यात बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होते. वर्षभर जू ओढून त्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात. या एका संध्याकाळी ते शेकायचे, चोळायचे, आणि मग बैलाच्या कानाशी वाकून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बाबा म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माय गोठ्याच्या दारात माझ्या डब्याची पिशवी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बैलाईले आवतन हाय, अन् तू चालला."

माझी ट्रंक खांद्यावर घेऊन दादा पुढं चालत होता. दादा म्हणजे मधुकर, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लहानपणी मी एकदा पेढीच्या पुरात वाहून चाललो होतो, ते साऱ्या गावाला माहीत होतं. मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. दादानं ट्रंक खाली ठेवली, घाम पुसला आणि मोठ्यानं म्हणाला, "पाहा बावा हो! पेढीत गटांगळ्या खाणारा गडी समुद्रात चालला. तिकडं बुडला तं आमच्या भरोशावर नोको राहू बे, आमच्यापाशी एवढा लंबा दोर नाई."

पार हसला. त्या दिवसापासून गावात माझं नाव गटांगळ्या पडलं. सुट्टीवर आलो की पोरं विचारत, "गटांगळ्याभाऊ, किती दिवस मुक्काम?" अकोल्याला माझं लग्न लागत होतं तेव्हा आमच्या गावच्या एकानं मांडवात ती हाक मारली. अंतरपाटाच्या पलीकडे सुनंदा हसली, ते मला ऐकू आलं. त्या हसण्याचा हिशेबही मी दादाच्याच नावावर मांडला.

या एका शब्दावर मी पंचवीस वर्षं जहाजांवर काढली, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. इंजिनरूममध्ये अंगाची लाही होई, पहिल्या महिन्यात पोटात पाणी ठरत नव्हतं, पण घरी परत जायचं मनात आलं की पारावरचं हसू ऐकू यायचं. नंतर कोचीत जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लागलो. तिथं एका म्हाताऱ्या परदेशी जोडप्याची बोट दुरुस्तीला आली होती. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, त्यांनी पुढचा प्रवास सोडला आणि बोट आम्ही घेतली. मागच्या बाजूला नाव रंगवायची वेळ आली तेव्हा मी देवनागरीत 'पेढी' असं लिहिलं. लोकांना वाटलं, गावच्या नदीची आठवण. मी ते रागानं लिहिलं होतं. या नावाच्या बोटीनं मी समुद्र ओलांडणार होतो आणि त्याचा फोटो पारावर पोचवणार होतो.

बोटीवरचं राहणं म्हणजे काय, ते घरच्या माणसांना सांगताना मी नेहमी म्हणतो, आपल्या बैलगाडीच्या छकड्यात संसार थाटला असं समजा. झोपायची जागा एका बाजूला निमुळती; पाय एकमेकांत अडकतात. संडासाला हातपंप. कोचीच्या पावसाळ्यात कपड्यांवर, पुस्तकांवर, चपलांवर बुरशी चढते. पुठ्ठ्याचा खोका आत आणायचा नाही, कारण त्याच्या घडीत झुरळांची अंडी असतात. सुनंदा ज्वारीचं पीठ हवा काढून पिशव्यांत बंद करते आणि बर्थच्या खाली रचते. गॅसची शेगडी अशी टांगलेली आहे की बोट कलली तरी ती सरळ राहते, तिच्यावर ती भाकरी थापून टाकते आणि म्हणते, "अकोल्याच्या मे महिन्यात चुलीपाशी बसलेली बाई हाय मी, मले हे पाणी काय करते?" पोहायला ती इथंच शिकली, पन्नाशीला आल्यावर, माझ्यापेक्षा चांगली.

तयारी कधी संपतच नाही. शिडाच्या तारा बदला, तळाला रंग द्या, सोलर पॅनल बसवा, लाइफराफ्ट तपासून आणा, कमरेला बांधायचे हार्नेस, जास्तीचा अँकर. दोरी जिथं घासते तिथं तिला कापडाचं वेष्टण शिवायचं. हातांना काम असलं की डोकं मोकळं राहतं. आणि मोकळ्या डोक्यात माझ्या कायम दादाच असायचा.

कारण मधल्या काळात त्यानं मला दुसरा घाव दिला होता. बाबा गेले तेव्हा मी ब्राझीलच्या वाटेवर होतो. मला कळलं ते बंदरात उतरून घरी फोन केल्यावर. तेरवी होऊन गेली होती. मी ओरडलो, "मले कळवलं काहून नाई?" तिकडून दादा शांतपणे म्हणाला, "तूच म्हटलं होतं ना, बारीकसारीक गोष्टीसाठी जहाजावर फोन नोको करत जाऊ."

हे मी म्हटलं होतं. बाबांची साखर वाढली म्हणून त्यानं एकदा जहाजावर फोन लावला होता, तेव्हा चिडून म्हटलं होतं. पण बापाचं मरण बारीकसारीक? कळलं असतं तरी मला पोचता आलं नसतं, हेही खरं. पण मला रडता आलं असतं. तेवढंही त्यानं मला करू दिलं नाही. नंतर मी गावी गेलो, मायजवळ बसलो, दादाच्या घरी जेवलोसुद्धा. पण आमच्यात पीकपाण्याच्या पलीकडे एक शब्द झाला नाही. पुढं मायही गेली. तेव्हा मात्र त्यानं वेळेवर कळवलं. मला त्याचाही राग आला.

तर, बैल. आमच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घरची जाते. आजोबांपासूनचा मान आहे. बाबांनंतर तो दादाकडे आला. वर्षभर साधा माणूस असलेला दादा त्या दिवशी बाबांचा फेटा बांधून गावापुढं चालतो. एका दुपारी मी बोटीच्या तळाशी डोकं खाली करून साचलेलं काळं पाणी उपसत होतो, तेव्हा मला तो नियम आठवला. मान घराचा आहे, माणसाचा नाही. आमच्या घरची जी जोडी तोरणाशी आधी पोचेल, ती पुढं. हा नियम कुणी कधी तपासून पाहिला नव्हता, कारण घरात जोडी कायम एकच असायची. मी तिथंच तेलकट हातांनी बसून हसलो. किती तरी वर्षांनी मला इतकं छान वाटलं.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हेही कबूल करतो. दोऱ्यांची वेष्टणं शिवताना मी दादाचा चेहरा कल्पनेत पाहायचो. तो काय म्हणेल, मी काय म्हणीन, एकेक शब्द घासूनपुसून ठेवला. सुनंदाला सांगितलं की दादाला अचानक भेटून खूश करायचंय. ती बिचारी आनंदानं माहेरी अकोल्याला गेली आणि मी बार्शीटाकळीला तिच्या वडिलांच्या ओळखीच्या सत्तारभाईंकडे गेलो. ते बैलांचा व्यापार करतात.

"जवाईबापू, बोट सोडली का काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. दोन दिवसांसाठी जोडी पाहिजे. नंतर तुम्हीच परत घ्या."

ते म्हणाले, "लोकं दोन दिवसासाठी मंडप घेते बापू, बैल कोणी घेते का?"

पण त्यांनी जोडी दिली. पांढरीशुभ्र, उंच शिंगांची, दादाच्या जोडीपेक्षा दीडपट देखणी. टेम्पोनं ती गावाबाहेरच्या एका ओळखीच्या मळ्यात उतरवली. पोळ्याच्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं, सगळं नवं कोरं. दुपार कलली तशी मी माझी जोडी तोरणाच्या अगदी खाली नेऊन उभी केली.

दादा आला. बाबांचा फेटा, मागं वहिनी, आणि त्याचे सोन्या-बाळ्या, ज्यांच्या शिंगांना त्यानं स्वतः रंग दिला होता, जरासा ओघळलेला. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.  पोलीसपाटील डोकं खाजवत म्हणाले, "बावा, दोघंई एकाच घरचे. आमी मधात काय बोलाव?"

दादानं मला एवढंच विचारलं, "सांगितलं काहून नाई?"

याच प्रश्नाची मी दोन महिने वाट पाहत होतो. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बारीकसारीक गोष्टीसाठी तुले फोन नाई केला, दादा."

त्याचा चेहरा मी कल्पनेत पाहिला होता त्याहून वेगळा झाला. मला वाटलं होतं तो चिडेल. तो एकदम म्हातारा दिसला. त्यानं कासरा ओढला, सोन्या-बाळ्याला वळवलं आणि तोरणाखालून न जाताच घरी घेऊन गेला. पोळ्याच्या दिवशी सजवलेली जोडी तोरण न पाहता परत फिरली, असं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. माझे बैल परके. वाजंत्री वाजली तशी ते बुजले, तोरणाखाली पाय रोवून उभे राहिले. चार माणसांनी मागून लोटलं तेव्हा मान मिळवला मी.

दुसऱ्या दिवशी जोडी परत करायला गेलो. सत्तारभाईंनी बैलांच्या मानेवरून हात फिरवला. "पुरणपोळी खाल्ली का माह्या बैलाईनं?"

 मी त्यांचे खांदे चोळले नव्हते. त्यांना आवतण दिलं नव्हतं. सणाला पुढं उभं केलं आणि रात्री नुसता कडबा टाकला. बाबांनी मला गोठ्यात पाऊल ठेवू दिलं नसतं. तरी तेव्हा मला वाईट वाटलं ते बैलांचं. दादाचं नाही. कोचीला परत येताना रेल्वेत मी तो प्रसंग मनात पुन्हा पुन्हा लावून पाहत होतो आणि दर वेळी गोड वाटत होता.

सुनंदाला सगळं वहिनीनं फोनवर सांगितलं. ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

गोडी लवकरच उतरली. दादाशी मनातलं भांडण संपेल असं मला वाटलं होतं, ते वाढलं. आता त्याचीही बाजू माझ्या डोक्यात बोलायला लागली होती आणि मला तिला उत्तरं द्यावी लागत होती. जानेवारीत आम्ही समुद्रात चाचणीला बाहेर पडलो. वारं मागून होतं, ऊन छान होतं, मी सुकाणूवर होतो. शिडाचा खालचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, वारं मागून असताना बांधून ठेवावा लागतो, नाहीतर वारं जरा फिरलं की तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सपकन येतो. मी तो बांधला नव्हता. मी बोलत होतो. मोठ्यानं, हातवारे करत, समोर दादा असल्यासारखा. सुनंदा चहा घेऊन वर आली आणि त्याच क्षणी बूम फिरला. ती कप वाचवायला खाली वाकली म्हणून वाचली. तिच्या केसांतली क्लिप समुद्रात उडाली.

ती तिथंच खाली बसली. मग तिनं विचारलं, "कोणाशी बोलून रायले होते?"

मी सांगितलं.

"तुमाले त्या पुरातून बाहेर कोणं काढलं होतं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, गटांगळ्यांची गोष्ट तिनं माझ्या तोंडून शंभर वेळा ऐकली असेल, पण हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता आणि मी आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं. दादानं काढलं होतं. तो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होता. बैलांचा कासरा कमरेला बांधून तो पुरात उतरला होता. पारावर तो दोराबद्दल बोलला ते उगीच नव्हतं.

"दादानं," मी म्हणालो.

तिनं फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा केले. "या बोटीत दोघाईचीच जागा हाय," ती म्हणाली. "तुमच्या भावाले आंधी उतरवा, मंग निघू. नाईतं तुमी दोघं जा, मी अकोल्याले जातो." ती 'जातो'च म्हणते, वऱ्हाडातल्या बायका म्हणतात तसं, आणि तसं म्हणाली की ती खरंच जाते.

आम्ही बोट मागं वळवली. समुद्र ओलांडायचा मोसम निघून गेला. पाऊस आला, बुरशी आली, आणि पोळा आला.

या वर्षी मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोचलो. दादा गोठ्यात होता. माझ्या कानावर आलं होतं की मागच्या वर्षापासून तो पारावर बसत नाही आणि यंदा जोडी तोरणाला न्यायची नाही असं त्यानं ठरवलंय. तरी खांदे शेकायला बसला होता. मी आत गेलो. त्यानं वर पाहिलं नाही. लोण्याची वाटी मध्ये होती. मी बाळ्याच्या बाजूला बसलो आणि त्याचा खांदा चोळायला लागलो. हात जुन्या सवयीनं चालत होते. आम्ही दोघं दोन बैलांच्या दोन बाजूंना होतो.

मग मी हळूच म्हणालो, "दादा, माह्यं चुकलं."

"काय म्हणून रायला?"

"चुकलं माह्यं."

"चोरी भर चौकात केली," तो सोन्याच्या खांद्याशी बोलल्यासारखा बोलला, "अन् माफी गोठ्यात मागून रायला? अथी कोण हाय आयकाले? बैल?"

त्याचं बरोबर होतं. तरी मला परत राग आला. खोटं कशाला लिहू? जिभेवर आलं होतं की मग बाबांचं काय, ते तू कुठं कुणासमोर मागणार? पण सुनंदा दारात उभी होती. जिथं माय उभी राहायची तिथं. मी वाटीतलं लोणी बोटानं पुसून घेतलं आणि बाळ्याचा खांदा पुन्हा चोळायला लागलो.

आता हे मी बोटीवर बसून लिहितोय. जानेवारीत निघायचं आहे. बूम बांधायची दोरी मी नवी लावली आहे आणि ती बांधली का, हे सुनंदा दर वेळी स्वतः पाहते. बर्थखाली ज्वारीच्या पिठाशेजारी वहिनीनं दिलेल्या सांडग्यांची पिशवी आहे. दादानं गोठ्यातला एक जुना कासरा दिलाय, पिशवीत कोंबून. समुद्रात त्याचा काही उपयोग नाही. मी तो सुकाणूजवळ टांगला आहे. बाबांच्या मरणाबद्दल दादानं अजून काही म्हटलेलं नाही आणि मी त्याला अजून माफ केलेलं नाही. कदाचित करणारही नाही. पण आता तो राग मी एकटाच असतो तेव्हा काढतो, सुकाणूवर असताना नाही. पूर्वी घर म्हणजे मला जिथं हिशेब चुकता करायचा आहे ती जागा वाटायची. आता वाटतं, घर म्हणजे जिथं माझं चुकलं हे सांगायला मला जावंच लागलं, ती जागा. दुसरीकडे कुठं चुकलो असतो तर नुसता पुढं निघून गेलो असतो.

आणि मी ते भर चौकात सांगितलं. यंदा पोळ्याच्या दुपारी दादा फेटा बांधून बाहेर आला आणि त्यानं सोन्याचा कासरा माझ्या हातात दिला. आम्ही जोडी घेऊन तोरणाशी गेलो. तोरण तुटून जोड्या सुटायच्या आधी आमच्याकडे झडत्या म्हणतात. कुणी पुढं होऊन चार ओळी ठोकतो, टोमणे मारतो, आणि गाव महादेवाच्या नावानं गर्जतं. लोक माझ्याकडेच बघत होते. मागून कुणी तरी म्हणालं, "गटांगळ्या आला बे." मी दादाच्या बैलाचा कासरा धरून पुढं झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा झडती म्हटली:

"पेढीच्या पुरातून ज्यानं मले काढलं,
त्याच्याच बैलाईची वाट अडवली मी.
मान दादाचा, तोरण दादाचं,
मधुकरदादा, सगळ्या गावासमोर सांगतो, चुकलो. माफ कर."

 मग "हर हर महादेव" असा गजर उठला, वाजंत्री वाजायला लागली आणि सोन्या-बाळ्या न बुजता, जणू वर्षभर याचीच वाट पाहत असल्यासारखे, तोरणाखाली शिरले. दादा माझ्या बाजूनं चालत होता. फेटा सारखा करत, समोरच पाहत तो म्हणाला, "यमक कुठी हाय बे याच्यात?"